पाचामुखी परमेश्वर

गेल्या भाऊबीजेला ताई आमच्याकडे आली ती आपल्या लेकीला बरोबर घेऊन. माझी ही भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. इंजिनियर आहे आणि काही वर्षांपूर्वी तिकडची नागरिकही झाली. ओवाळणी झाली, फराळाच्या ताटल्या पुढे आल्या, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता ती सहज म्हणाली, "मामा, मला यंदा तिकडच्या कोर्टानं बोलावलं होतं."

माझ्या पत्नीच्या हातातला लाडू हातातच राहिला. "अगं बाई! काय केलंस तू?"

"मी काही केलं नाही, मामी. न्याय करायला बोलावलं होतं!"

सगळेच हसले. मग तिने हकीकत सांगितली. तिकडे ज्यूरीची पद्धत आहे. मतदारांच्या आणि मोटार चालवण्याचा परवाना असलेल्यांच्या याद्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावे निघतात आणि ज्याचे नाव निघेल त्याने कामधंदा सोडून कोर्टात हजर व्हायचे. खटला एका कामगाराचा होता. यंत्रात सापडून त्याची बोटे गेली होती आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर त्याने भरपाईचा दावा लावला होता. न्यायाधीशाने एकेकाला प्रश्न विचारले : काय काम करता, घरी कोण कोण, पूर्वी कधी कोर्टाची पायरी चढलात का, कंपन्यांविषयी तुमचे मत काय. भाचीने सरळ उत्तरे दिली. कामगाराच्या वकिलाच्या मागे एक बाई बसली होती. ती एक अक्षर बोलत नव्हती. फक्त ज्यूरीच्या खुर्च्यांकडे पाहायची आणि वहीत काही लिहायची. थोड्या वेळाने तिने वकिलाकडे एक चिठ्ठी सरकवली. वकील उठला, त्याने अदबीने भाचीचे आभार मानले, आणि न्यायाधीशाने तिला घरी जाण्यास सांगितले. कारण कोणी दिले नाही. तसे ते द्यावेच लागत नाही, असे तिला बाहेर कळले. आणि ती वहीवाली बाई मानसशास्त्रज्ञ होती, वकिलांना ज्यूरीविषयी सल्ला देणे हाच तिचा धंदा होता, हेही बाहेरच कळले.

"राग नाही आला, मामा," भाची म्हणाली, "पण अजून वाटत राहतं, तिनं माझ्यात काय पाहिलं? माझं नाव? माझा रंग? की इंजिनियर म्हणजे यंत्राची बाजू घेणारच असं तिला वाटलं? एकदा तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

दिवाळी संपली, भाची परत गेली, पण तिचा तो प्रश्न माझ्याकडेच राहिला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायदा मला कळत नाही आणि मानसशास्त्राचे पुस्तकही मी शिस्तीने वाचलेले नाही. पण मी शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. वीस वर्षे मुलांचे चेहरे काढायला शिकवले आणि कागदावर माणसे उभी केली. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखल्याचा आव आणणे हाच माझा दुहेरी व्यवसाय आहे. तेव्हा त्या वहीवाल्या बाईला मी परकी समजू शकलो नाही. मिळेल ते वाचले आणि जे समजले ते येथे मांडतो आहे. शेवटी एक गोष्ट माझी स्वतःची आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

न्यायालय आणि मानसशास्त्र यांची ओळख तशी जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी १९०८ साली साक्षीदारांविषयी एक पुस्तक लिहिले. प्रामाणिक साक्षीदाराची स्मृतीही त्याला फसवते, हे न्यायालयांनी शिकले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. त्या वेळी वकिलांनी त्यांची टिंगल केली. पुढे मात्र वकिलांनाच मानसशास्त्राची गोडी लागली. आणि ती साक्षीदाराच्या मनापेक्षा पंचांच्या मनाविषयी अधिक होती.

या धंद्याची सुरुवात सांगताना बहुतेक जण १९७२ सालच्या एका खटल्याकडे बोट दाखवतात. व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणारे फिलिप बेरिगन नावाचे एक कॅथॉलिक पाद्री, एक जोगीण आणि त्यांचे सोबती यांच्यावर सरकारने कटाचा आरोप ठेवला होता. राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार किसिंजर यांना पळवून नेण्याचा हा कट होता, असे सरकारचे म्हणणे. खटला चालला पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग या गावी, जुन्या वळणाच्या वस्तीत. जे शूलमन हे समाजशास्त्रज्ञ आणि रिचर्ड ख्रिस्ती हे मानसशास्त्रज्ञ यांना वाटले की अशा ठिकाणी या आरोपींना निःपक्षपाती ज्यूरी मिळणे कठीण आहे. ते आणि त्यांचे सहकारी गावातल्या शेकडो लोकांशी बोलले. धर्म कोणता, वाचता काय, सरकारवर विश्वास किती, असे प्रश्न विचारून त्यांनी आडाखे बांधले. एक निष्कर्ष तर त्यांनाच चकित करणारा निघाला. शिकलेला माणूस अधिक उदार असेल अशी सर्वांची समजूत. हॅरिसबर्गात नेमके उलटे होते. तेथले अधिक शिकलेले लोक अधिक कर्मठ निघाले.

या आडाख्यांच्या आधारे बचावाच्या वकिलांनी ज्यूरीतली नावे गाळली. वाचकांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. तिकडे वकील ज्यूरी निवडत नाही, तो फक्त नको असलेल्यांना वगळतो. बाजारात भाजी निवडताना आपण चांगली उचलतो, तसे नव्हे. तांदूळ निवडताना खडे काढतो, तसे. उरतील ते पंच. हॅरिसबर्गच्या बारा पंचांनी कित्येक दिवस खल केला. कटाच्या मुख्य आरोपावर दहा जण आरोपींच्या बाजूचे झाले, दोघे हटून बसले. एकमत नाही म्हणून निकाल लागला नाही, आणि सरकारने तो आरोप पुन्हा चालवला नाही. शास्त्रज्ञांचा जय झाला असे सगळे म्हणाले. पण त्या हटून बसलेल्या दोघांत एक बाई होती, आणि तिची स्वतःची मुले युद्ध नको म्हणून सैन्यात जाण्यास नकार देणारी होती. ही तर आपलीच, असे समजून बचावाने तिला ठेवून घेतले होते!

हे वाचले तेव्हा, खरे सांगतो, मला बरे वाटले. माणसाचे मन एवढे सहज वहीत मावत नाही.

धंदा मात्र वाढत गेला. हॅरिसबर्गात ही माणसे एका कार्यासाठी आली होती. पुढे याच कामाच्या कंपन्या निघाल्या आणि ज्याच्याकडे पैसा तो गिऱ्हाईक झाला. १९९५ साली निकाल लागलेल्या ओ. जे. सिम्पसन या फुटबॉलपटूच्या खटल्यात बचावाकडे ज्यूरीची सल्लागार बाई होती. सरकारी बाजूकडेही सल्लागार होता. पण सरकारी वकील मार्शिया क्लार्क यांनी त्याचा सल्ला बाजूला ठेवून आपल्या अंदाजावर भिस्त ठेवली. सिम्पसन सुटला. मग या सल्लागारांवर दूरदर्शन-मालिकाही निघाली. तिच्यातला मानसशास्त्रज्ञ पंचाच्या नुसत्या भुवईवरून निकाल सांगतो म्हणे.

प्रत्यक्षातले काम इतके चमत्कारिक नाही. खटला उभा राहण्यापूर्वी हे लोक गावातून वीसपंचवीस सामान्य माणसे रोजावर बोलावतात, त्यांच्यापुढे दोन्ही बाजू मांडून लुटुपुटीचा खटला चालवतात आणि त्यांची चर्चा पडद्याआडून ऐकतात. कोठे माणसे कंटाळली, कोणता शब्द कळला नाही, कोणता साक्षीदार उर्मट वाटला, हे वकिलाला सांगतात. भेदरलेल्या साक्षीदाराला धीर देतात. मला या कामात वावगे काही दिसत नाही. किती मुले तोंडी परीक्षेत उत्तर येत असून गप्प राहतात! भीतीने घाम फुटलेला गरीब साक्षीदार आणि खोटेपणाने घाम फुटलेला साक्षीदार दुरून सारखेच दिसतात. पहिल्याची भीती कोणी घालवली तर न्यायाला मदतच होते.

शिवाय पुराव्याचे वजन या सगळ्याहून मोठे असते. शिकागोच्या दोन अभ्यासकांनी १९६६ साली ३,५७६ फौजदारी खटल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यूरीचा निकाल आणि न्यायाधीशाने स्वतः दिला असता तो निकाल, हे शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याहत्तर खटल्यांत एकच होते. म्हणजे सल्लागाराच्या हाती खेळण्याची जागा लहान आहे. पण लहान असली तरी आहे. आणि ज्याच्या गळ्यात दोर आहे त्याला ती लहान वाटत नाही.

"आपल्याकडे असलं काही नाही ते बरं," असे ताई त्या दिवशी म्हणाली होती. आज नाही हे खरे. पण आपल्याकडेही ज्यूरी होती, आणि मराठी माणसाला तिची आठवण वेगळी करून द्यायला नको. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर मुंबईच्या उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीत सहा युरोपियन होते आणि तीन हिंदी. निकाल काय लागला? सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोषी. १९०८ साली पुन्हा तेच. सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. लेख मराठीत लिहिलेले, आणि ते राजद्रोही आहेत की नाहीत हे ठरवायचे कोणी, तर ज्यांना मराठीचा गंध नाही त्यांनी, भाषांतर वाचून! मराठी जाणणारे ज्यूरर असावेत हा टिळकांच्या बाजूचा आग्रह होता. तो चालला नाही. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि लोकमान्य मंडालेला गेले. ज्यूरी काहीही म्हणो, वर आणखी एक न्यायासन आहे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार आज त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत.

या दोन खटल्यांचे आकडे पुढे ठेवले की, पंच कोण आहे याची चौकशी करणे म्हणजे लबाडी, असे मला म्हणवत नाही. त्या नऊ खुर्च्यांवर कोण बसतो यावरच सारे ठरत होते, आणि सरकारला ते पुरते ठाऊक होते. त्यासाठी त्याला मानसशास्त्रज्ञही नेमावा लागला नाही.

दुसरी आठवण नानावटी खटल्याची. माझ्या जन्मापूर्वीची ही गोष्ट, पण आमच्या घरी वडील माणसे ती काल घडल्यासारखी सांगत. १९५९ साली नौदलातल्या कमांडर नानावटींनी आपल्या पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू अशी लावून धरली की शहरात दुसरा विषय उरला नाही. पदके लावलेला पांढरा गणवेश घालून ते कोर्टात उभे राहत. नऊ पंचांपैकी आठ जणांनी त्यांना निर्दोषी ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निकाल इतका विपरीत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे नानावटी दोषी ठरले, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. या खटल्यामुळे ज्यूरी गेली असे आपण म्हणतो. ते तंतोतंत खरे नाही. १९५८ सालीच विधि आयोगाने ज्यूरी नको असे सांगितले होते, आणि काही ठिकाणी ती नंतरही काही वर्षे चालली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिला जागा उरली नाही.

'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो. त्या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती पाच मुखे आपापल्या मनाने बोलत असली पाहिजेत. कोणी ती मुखे आधीच वेचून ठेवली, किंवा त्यांना नेमके कोठे कळ लागते हे ओळखून तेथे बोट ठेवले, तर मग त्यांच्या मुखाने कोण बोलतो?

आता माझी गोष्ट.

बारातेरा वर्षांपूर्वी मी आठवीच्या एका तुकडीचा वर्गशिक्षक होतो. शाळेचे आणि गावाचे नाव नको. सहलीसाठी मुलांनी आणलेले चार हजार दोनशे रुपये वर्गाच्या कपाटातून गेले. मधल्या सुट्टीत एक मुलगा एकटाच वर्गातून बाहेर पडताना दोघांनी पाहिला होता. त्याचे वडील भाजीचा टेम्पो चालवीत. मुख्याध्यापकांनी पोलिसांना न कळवता तीन जणांची समिती नेमली : गणिताचे सर, मराठीच्या बाई आणि खेळाचे सर. आदल्या संध्याकाळी बापलेक माझ्या दारी आले. बाप उंबऱ्याशीच उभा राहून म्हणाला, "मास्तर, पोरगं घेणार नाही. पण त्याला बोलता येत नाही." मुलगा निर्दोष आहे असे मलाही वाटत होते. निदान तसे वाटावे अशी माझी इच्छा होती. चित्रकलेत तो माझा पहिला विद्यार्थी होता.

मी त्याला तयार केले. त्या तिघांना मी जितका ओळखत होतो तितके ते स्वतःलाही ओळखत नसतील. खेळाच्या सरांना ताठ उभा राहणारा मुलगा आवडे. त्याला म्हटले, ताठ उभा राहा. गणिताच्या सरांना वेळापत्रक आवडे. म्हटले, घंटेच्या हिशेबाने बोल. आणि बाई... बाईंची आई त्याच भाद्रपदात गेली होती. दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईला औषध द्यायला बाई रोज मधल्या सुट्टीत घरी धावत जात, हे सगळ्या शाळेने पाहिले होते. या मुलाच्या घरीही म्हातारी आजी होती, आणि तोही दुपारी तिला गोळ्या द्यायला जाई. मी त्याला विचारले, "त्या दिवशी गेला होतास का?" तो म्हणाला, "त्या दिवशी नाही, सर. आई घरी होती." मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "रोज जातोस ना? मग तेवढंच सांग. बाईंकडे बघून सांग."

त्याने तेवढेच सांगितले. त्यात एक शब्द खोटा नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. "त्या दिवशीही गेला होतास का?" हे विचारायचे त्यांना सुचलेच नाही. गणिताचे सर साशंक राहिले. बाई आणि खेळाचे सर मुलाच्या बाजूने झाले. दोन विरुद्ध एक. मुलगा सुटला, बापाने माझे पाय धरले, आणि त्या रात्री मी मोठ्या समाधानाने झोपलो.

पण पैसे गेले होते ते गेलेच होते. संशयाला कोठे तरी टेकायला जागा हवी असते. वर्गांच्या किल्ल्या एका शिपायाकडे असत. रोजंदारीवरचा माणूस, मुले त्याला मामा म्हणत. त्याच्यासाठी समिती बसली नाही, त्याला कोणी प्रश्न विचारले नाहीत, आणि काय बोलावे हे आदल्या संध्याकाळी त्याला कोणी शिकवले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला बोलावले नाही, एवढेच. पैसे कोणी घेतले हे कधीच कळले नाही. मुलाने घेतले होते का, हे मी त्याला तेव्हा विचारले नाही आणि पुढेही विचारले नाही.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. भेटल्या की अजून एखादे वेळी म्हणतात, "त्या पोराचा चेहरा आठवतो हो मला. खोटं बोलणारा चेहरा नव्हता तो." मी मान डोलावतो.

त्या वहीवाल्या बाईने माझ्या भाचीत काय पाहिले, हे मला ठाऊक नाही. पण मी बाईंच्या मनात काय पाहिले होते, हे मला पुरते ठाऊक आहे. आणि ते मी त्यांना आजवर सांगू शकलो नाही. भाचीचे ते वाक्य माझ्याकडे का राहिले, ते येथे उमगते. "एकदा तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं." या एका वाक्यात मला या साऱ्या धंद्याची कसोटी सापडली. ज्याचे मन तुम्ही वाचलेत, त्याला ते वाचन मोठ्याने ऐकवता येईल का?

ही कसोटी लावून पाहावी. टिळकांच्या बाजूचे लोक त्या ज्यूररांना सांगू शकत होते : तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून मराठी लेखाचा न्याय तुम्ही करू नये. ते त्यांनी भर कोर्टात सांगितलेही. हॅरिसबर्गचे शास्त्रज्ञ एखाद्याला सांगू शकत होते : खटला सुरू होण्यापूर्वीच तुमचा निर्णय झालेला आहे, म्हणून तुम्ही नको. भेदरलेल्या साक्षीदाराला धीर दिला, हेही सांगता येते. पण तुमचा रंग काळा म्हणून तुम्ही नको, हे कोणाच्या तोंडून निघेल? १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ हीच कसोटी धरली. केंटकीतल्या बॅटसन नावाच्या काळ्या आरोपीच्या खटल्यात सरकारी वकिलाने यादीतली चारही काळी माणसे वगळली होती. न्यायालयाने म्हटले, असा संशय आला की कारण उघड सांगावे लागेल. १९९४ साली स्त्रीपुरुष भेदालाही तोच नियम लागला.

मग सगळे सुधारले का? नाही. वकील कारणे रचायला शिकले. मिसिसिपीत कर्टिस फ्लॉवर्स नावाच्या माणसावर एकाच आरोपाखाली सहा वेळा खटला चालला. त्या सहा खटल्यांत मिळून सरकारी बाजूने बेचाळीस काळ्या उमेदवारांपैकी एकेचाळीस वगळले, आणि सांगायला दर वेळी कारण होतेच. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते झिडकारले. इंग्लंडने विनाकारण वगळण्याचा हक्कच १९८८ च्या कायद्याने काढून टाकला. अ‍ॅरिझोना राज्याने २०२२ पासून तेच केले. तेव्हा माझ्या कसोटीने चोर पकडला जाईलच असे नाही. ती दुसऱ्यासाठी नाहीच. ती ज्याच्या हातात वही आहे त्याने रात्री एकट्याने स्वतःला लावण्याची आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, मग तुम्ही कादंबरी लिहिता तेव्हा काय करता? वाचकाला कोठे रडू येईल हे ओळखूनच ना लिहिता? होय. पण कादंबरी उघडताना वाचकाला ठाऊक असते की हा आपल्याला रडवणार आहे. तो तयारीने आलेला असतो. वर्गातही मी कोणत्या मुलाला शाबासकी लागते आणि कोणाला दरडावणी, हे ओळखून वागतो. ते मी त्या मुलांच्या बापांसमोर सांगू शकतो. बाईंच्या दुःखाचा उपयोग मी केला, तो बाईंसाठी नव्हता, त्यांना सत्य नीट दिसावे म्हणूनही नव्हता. त्यांनी एक प्रश्न विचारू नये म्हणून होता. मनाची ओळख दृष्टी स्वच्छ करण्यासाठीही वापरता येते आणि डोळ्यांत पाणी आणून दृष्टी अडवण्यासाठीही. मी दुसरे केले.

आणि तरी त्या अमेरिकन कोर्टाला मी माझ्या शाळेच्या स्टाफरूमपेक्षा बरे म्हणेन. तेथे समोर दुसरा वकील असतो. त्याने उठून विचारले असते, "त्या दिवशी घरी गेला होतास का?" आणि माझी सारी कारागिरी एका उलटतपासणीत कोसळली असती. सल्लागार दोन्हीकडे असतात तोवर निदान झुंज तरी असते. एकीकडेच पैसा असला की ती मोडते. आमच्याकडे तर शिपायाच्या बाजूला वकील नव्हता, सल्लागार नव्हता, खुर्चीसुद्धा नव्हती. दोन बाजूंच्या झुंजीत मन वळवणे एक वेळ क्षम्य असेल. जेथे दुसरी बाजू हजरच नाही, तेथे ते क्षम्य नाही.

शिपाईमामा आमच्याच गावात आहेत. दिवाळीच्या आठवड्यात बाजारपेठेच्या तोंडाशी आकाशकंदील विकायला बसतात. मला पाहिले की हाक मारतात, "मास्तर, या. रंग बघा बरं, जमलाय का?" मी दर वर्षी एक कंदील घेतो आणि भाव करीत नाही. त्यांना वाटते, मास्तर दिलदार आहेत.

यंदाही कंदील घेईन. पण त्या आधी एक काम आहे. मराठीच्या बाई हा दिवाळी अंक नेमाने विकत घेतात आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. हा लेख त्या वाचतील. पण छापील कागदावरून त्यांना हे प्रथम कळावे, हे मला बरे वाटत नाही. म्हणून अंक बाजारात येण्यापूर्वी, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी त्यांच्या घरी जाणार आहे. त्या काय म्हणतील याचा अंदाज बांधण्याची जुनी खोड मनात लगेच जागी झाली. ती मी मोठ्या कष्टाने दाबून ठेवली आहे. बाईंकडून उठलो की मामांकडे जायचे आहे.